लिंबूटिंबूला वरच्या गटात कधी उतरवायचं?

जुलै उजाडला, की शाळाशाळांत खेळांच्या स्पर्धांची गडबड सुरू होते. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि नशिबानं साथ दिली तर राज्य! आमच्या बोदवडकडे कबड्डी, खो-खो, कुस्ती हे घरचेच खेळ. फुटबॉल मात्र मोठ्या शहरांचा वाटायचा. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन' नावाचा कार्यक्रम घेतला. एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असा तो बेत होता. शाळांना चेंडू वाटले गेले. आता छोट्या गावांतली पोरंही कपाशीच्या रिकाम्या रानात दोन दगड मांडून गोल करतात.

खेळ आला, तसे आयांपुढे नवे प्रश्नही आले. बचत गटाच्या बैठका घेताना, हप्त्यांचा हिशेब संपला की बायका हळूच विषय काढतात. तीन प्रश्न तर मला वारंवार ऐकू येतात.

पहिला : "ताई, माझा पोऱ्या सातवीत आहे. सर म्हणतात, सतरा वर्षांखालच्या टीममध्ये एक मुलगा कमी पडतोय, याला घेतो. पाठवू का?"

दुसरा : "आमचा नववीत गेला, पण अंगानं पाचवीतला दिसतो. बरोबरीची पोरं त्याला ढकलून देतात. त्याला खालच्या गटात नाही का टाकता येणार?"

आणि तिसरा : "मुलींची लहान टीमच नाही. माझी अकरा वर्षांची पोर दहावीच्या मुलींत खेळते. चालेल का?"

तिन्ही प्रश्न वरवर वेगवेगळे दिसले, तरी मुळाशी गोष्ट एकच आहे. आपल्या लेकरानं कुणाबरोबर खेळायचं, हे कशावरून ठरवायचं? जन्मदाखल्यावरून, अंगावरून, खेळावरून, की टीममध्ये किती पोरं कमी पडतात त्यावरून?

कागदावरचं वय

आधी गट कसे पाडतात ते समजून घेऊ. आपल्याकडे शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. वय मोजायला १ जानेवारी ही तारीख धरतात. म्हणजे एकाच वर्षी १ जानेवारीला जन्मलेला आणि ३१ डिसेंबरला जन्मलेला, दोघे एकाच वयाचे! खरं तर त्यांच्यात जवळजवळ बारा महिन्यांचं अंतर आहे. बाळ वाढवलेल्या बाईला बारा महिन्यांत काय काय होतं, हे सांगायला नको.

१९८५ मध्ये कॅनडातल्या रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञानं बर्फावरच्या हॉकीतल्या मुलांच्या जन्मतारखा तपासल्या. चांगल्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं कितीतरी जास्त निघाली. जानेवारीतल्या मुलांना देवानं जादा हुशारी दिली होती असं नाही. ती आपल्या गटात थोडी मोठी होती, म्हणून निवडली गेली. निवडली गेली म्हणून जास्त शिकवलं गेलं आणि मग खरोखरच पुढे गेली. डिसेंबरचं पोर मात्र 'याच्यात दम नाही' असं ऐकून घरी बसलं. पुढे फुटबॉलमध्येही हेच आढळलं.

ही तारीख माणसांनी सोयीसाठी ठरवलेली असते, हे विसरू नये. अमेरिकेत मुलांच्या फुटबॉलसाठी २०१७ पासून १ जानेवारी ही तारीख होती. तिथल्या मुख्य संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून १ ऑगस्ट धरायचं ठरवलं. कारण काय, तर एका वर्गातल्या मुलांची एकमेकांपासून ताटातूट होत होती. म्हणजे तारीख बदलली, की कालचा धाकटा आज थोरला होतो!

अंगातलं वय

एखाद्या सातवी-आठवीच्या वर्गात डोकावून बघा. एका मुलाला मिसरूड फुटलेलं असतं, आवाज फुटलेला असतो. त्याच्याच बाकावर बसलेला दुसरा अजून आईच्या पदराआड शोभेल असा असतो. दोघांचं वय एकच, पण शरीराचं घड्याळ वेगळं. डॉक्टर सांगतात, की या वयात दोन मुलांच्या शरीराच्या वाढीत तीन-चार वर्षांचासुद्धा फरक असू शकतो, आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्यानं वाढते, मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी. पण कुणाची आधी, कुणाची नंतर.

फुटबॉल हा अंगाला अंग लागणारा खेळ आहे. पस्तीस किलोचं पोर आणि साठ किलोचं पोर एकाच चेंडूवर धावून आलं, तर काय होईल? वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. तिथूनच हाड वाढतं. तिथं जोराचा मार बसला, तर साध्या मोडीपेक्षा प्रकरण अवघड होऊ शकतं. शिवाय उंची भराभर वाढते त्या काळात गुडघ्याखाली दुखणं, तिथं टेंगूळ दिसणं, टाच दुखणं या तक्रारी धावणाऱ्या मुलांत नेहमीच्या असतात. अशा वेळी सराव कमी करायचा असतो. वरच्या गटात गेलेल्या मुलाचा सराव मात्र नेमका वाढतो!

यावर घरगुती उपाय आहे. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलनं उंचीची खूण करा, शेजारी तारीख लिहा. खुणा एकदम लांब लांब पडायला लागल्या, की समजा, लेकरू वाढीच्या ऐन भरात आहे. ही वेळ वरच्या गटात ढकलायची नाही. दुखतंय म्हणालं, तर 'नाटकं करतोय' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट. लहान मुलांचा फुटबॉल मुळात वेगळा असतो. साधारण आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा चेंडू, पुढे बारापर्यंत चार नंबरचा आणि मग मोठ्यांचा पाच नंबरचा. मैदानही लहान, खेळाडूही कमी. वरच्या गटात गेलं, की चेंडू जड, मैदान मोठं आणि डोक्यानं चेंडू मारणंही आलंच. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्यानं चेंडू मारायला बंदी केली आणि अकरा ते तेराच्या मुलांच्या सरावात त्यावर मर्यादा घातली. इंग्लंडनंही २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हे शिकवू नये, असं सांगितलं. मेंदूची काळजी म्हणून हे नियम आले. आपलं सातवीतलं पोर सतराच्या गटात जाणार असेल, तर सरांना हे जरूर विचारावं.

जोड तोलामोलाची हवी

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी शहाणपण. पण मैत्रिणींनो, हे आपल्याकडे फार आधीपासून आहे! जत्रेत कुस्त्यांची दंगल भरते. नारळाच्या, रेवड्यांच्या लहान पोरांच्या कुस्त्या आधी लागतात. तिथं कुणी जन्मदाखला मागतं का? जुना जाणता पैलवान दोन पोरांना शेजारी उभं करतो, खांदे बघतो, मांडी बघतो, क्वचित मनगट दाबून बघतो आणि मग जोड लावतो. जोड तोलामोलाची नसेल, तर बघणारेच ओरडतात, "अहो, पोर मारता का?"

कबड्डीतही तेच. किशोर गटासाठी सोळा वर्षं वयाबरोबर ५५ किलो वजनाची मर्यादा असते. कुमारांसाठी वीस वर्षं आणि ७० किलो, कुमारींसाठी ६५ किलो. नुसत्या वयावर भरवसा ठेवू नये, हे आपल्या खेळांना ठाऊक होतं.

इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांनी २०१५ च्या सुमारास हाच प्रयोग फुटबॉलमध्ये केला. त्याला 'बायो-बँडिंग' म्हणतात. आई-वडिलांची उंची आणि मुलाची आजची उंची यांवरून तो मोठेपणी किती उंच होईल, याचा अंदाज काढतात. त्याच्या किती टक्के वाढ झाली, हे बघून मुलांची जोड लावतात. त्यातून जे दिसलं, ते आयांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. लवकर वाढलेल्या मुलांना कळलं, की आता नुसत्या धक्क्यानं भागणार नाही, डोकं वापरावं लागेल. आणि उशिरा वाढणाऱ्या मुलांना पहिल्यांदाच आपलं कसब दाखवायला मिळालं. म्हणजे दोघांचाही फायदा झाला.

वर गेलेली मुलं

"पण ताई, मोठ्यांत खेळल्याशिवाय मोठं होता येतं का?" हा प्रश्नही बरोबर आहे. सांगलीत वाढलेली आपली स्मृती मानधना बघा. नऊ वर्षांची असताना तिची महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात निवड झाली आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात! २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती. तिला कुणी 'तू लहान आहेस, बस घरी' म्हटलं असतं तर?

सचिन तेंडुलकरचं उदाहरण तर घराघरात देतात. पण ते अर्धंच सांगतात. नोव्हेंबर १९८७ मध्ये, चौदाव्या वर्षी त्याला मुंबईच्या रणजी संघात घेतलं. त्या हंगामात त्याला अकरा जणांत मात्र खेळवलं नाही. तो बहुतेक वेळा बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात जायचा. मोठ्यांत वावरला, त्यांचा खेळ जवळून बघितला. वर्षभरानं, ११ डिसेंबर १९८८ ला गुजरातविरुद्ध त्याला उतरवलं आणि त्यानं नाबाद शंभर केले. मधलं ते थांबण्याचं वर्ष आपण विसरतो!

क्रिकेटमध्ये निदान अंगावर अंग आदळत नाही. फुटबॉलचं उदाहरण घ्यायचं, तर कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं घ्यावं. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला हा मुलगा २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. त्या स्पर्धेत आपला संघ तिन्ही सामने हरला. मग भारतीय फुटबॉल महासंघानं काय करावं? त्यातल्या बहुतेक पोरांचा 'इंडियन ॲरोज' नावाचा संघ करून २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे थेट मोठ्यांच्या स्पर्धेत उतरवला. समोर पंचवीस-तिशीतले, पगारी, मुरलेले खेळाडू. पहिल्याच सामन्यात पोरांनी चेन्नई सिटीला ३-० असं हरवलं आणि त्यात अनिकेतचे दोन गोल होते! हंगाम संपला, तेव्हा मात्र दहा संघांत ॲरोज शेवटचे आले.

आता इथली मेख बघा. अशा स्पर्धेत तळाला जाणाऱ्या संघाला खालच्या पायरीवर ढकलतात. या पोरांच्या संघाला ते लागू नव्हतं. हरलात तरी चालेल, शिका, असं आधीच ठरवलं होतं. अनिकेत पुढे इंडियन सुपर लीगमध्ये खेळला.

हे वाचलं आणि मला आपले अंगणातले खेळ आठवले. लपाछपी, विटीदांडू, आंधळी कोशिंबीर. धाकटं भावंडं मागं लागायचं, "मला पण घ्या." मग त्याला घ्यायचे, पण 'लिंबूटिंबू' म्हणून. कुणी 'कच्चं लिंबू' म्हणतात. ते बाद झालं तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य नाही. धावायचं, बघायचं, शिकायचं. एक दिवस ते पोर स्वतःच म्हणायचं, "आता मी लिंबूटिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या." त्या दिवशी ते मोठ्यांत खेळायला तयार झालेलं असायचं.

लहान्याला मोठ्यांत घेण्याचा याहून शहाणा नियम मला तरी दिसलेला नाही. वरच्या गटात पाठवायला हरकत नाही, पण तिथं त्याच्या हरण्याला माफी हवी. 'तुझ्यामुळे मॅच गेली' हे त्याला ऐकावं लागणार असेल, तर तो लिंबूटिंबू राहिला नाही, बळीचा बकरा झाला.

सही करण्याआधी विचारा

शाळेचं संमतीपत्र घरी आलं, की आपण दप्तराच्या पाठीवर ठेवून पटकन सही करतो. त्याआधी दहा मिनिटं काढा. सरांना भेटा, नाही तर फोन करा. खेळाचे सर एकटे असतात, शंभर कामं असतात. त्यांच्यावर संशय म्हणून नाही, तर त्यांना मदत म्हणून विचारा.

• याला वर का घेताय? आपल्या गटात त्याला खेळ फार सोपा जातोय म्हणून, की टीममध्ये मुलगा कमी पडतोय म्हणून? पहिलं कारण असेल तर पुढचं बोलू. दुसरं असेल तर सावध राहा.

• मैदानात खेळवणार, की बाकावर बसवणार? आपल्या गटात साठ मिनिटं पळणारं पोर मोठ्यांच्या बाकावर बसून काहीच शिकत नाही. सचिन रणजीच्या संघाबरोबर होता, तेव्हा आपल्या शाळेकडून धावांचे डोंगरही रचत होता, हे लक्षात घ्या.

• आधी महिनाभर मोठ्यांबरोबर नुसता सराव करून बघता येईल का? सामना ही शेवटची पायरी ठेवा.

• एकदा वरच्या गटात नाव गेलं, तर यंदा आपल्या गटात खेळता येईल का? हे क्रीडा कार्यालयाकडून सरांनी विचारून घ्यावं आणि आपण सरांकडून.

• परतीची वाट आहे का? जमलं नाही तर खाली येणं ही नामुष्की नाही, असं त्याला आधीच सांगितलंय का?

• आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कुणाला हवंय? पोराला, सरांना, की त्याच्या बाबांना? काही घरांत बाबांची राहून गेलेली हौस पोराच्या पायातल्या बुटांत शिरते. पोराला एकट्याला विचारा, स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता. तिथं ते खरं बोलतं.

परदेशात बऱ्याच ठिकाणी एक वर्ष वर खेळणं नेहमीचं समजतात, त्याहून जास्त असेल तर खास परवानगी लागते. आपणही मनाशी तेवढा नियम करायला हरकत नाही. सातवीच्या पोराला नववीच्या पोरांत घेतलं, तर समजू शकतं. बारावीला टेकलेल्या दांडग्या पोरांत घेणं म्हणजे जोड चुकली.

पोरींचं काय?

तिसरा प्रश्न पोरींचा. तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. तालुक्याच्या गावात मुलींच्या दोन-दोन टीम होतच नाहीत. आठ-दहा जणी जमल्या तरी सर खूश! मग अकराची आणि सोळाची एकाच टीममध्ये. नाही तर खेळायचंच नाही.

इथं मी म्हणेन, खेळू द्या. पण डोळे उघडे ठेवून. बारा वर्षांपर्यंत मुली आपल्या वयाच्या मुलांच्या बरोबरीनं, कधी कधी वरचढही असतात, कारण त्या आधी वाढतात. तेव्हा सोळाच्या मुलींत टाकण्यापेक्षा आपल्या वयाच्या मुलांबरोबर खेळणं तिला अंगानं जास्त तोलामोलाचं असतं. इंग्लंडमध्ये मुला-मुलींनी एकत्र फुटबॉल खेळायची मर्यादा पूर्वी अकरा वर्षांची होती, ती टप्प्याटप्प्यानं वाढवत अठरापर्यंत नेली. आपल्या देशात फुटबॉल महासंघानं २०१८ मध्ये 'गोल्डन बेबी लीग' सुरू केली, तिच्यातही लहान मुलं-मुली एकत्र खेळायची. तेरा-चौदानंतर मात्र मुलांच्या अंगात जोर येतो. तेव्हा मुलींची मुलींत जोड बरी.

आणि काही गोष्टी मुलींच्या आईनंच विचारायच्या असतात. बाहेरगावी जाताना बरोबर बाई शिक्षिका आहेत का? कपडे बदलायला जागा? संडास-बाथरूम? पाळी आली तर सांगायला कोण? मोठ्या मुली धाकटीला सांभाळून घेतात, की तिच्याकडून नुसत्या बाटल्या भरून घेतात? जळगावला सामने असले, तर परतायला रात्र होते. गाडी कुठली, किती वाजता, हे माहीत हवं.

"मोठ्या पोरींच्या संगतीनं बिघडेल," असंही ऐकू येतं. माझा अनुभव उलटा आहे. मैदानावर येणाऱ्या दहावीच्या मुलीकडून धाकट्या मुली पाळीबद्दल, अभ्यासाबद्दल, छेड काढणाऱ्याला कसं सुनवायचं याबद्दल जे शिकतात, ते आपण घरात बोलत नाही. आणि मुलगी मोठ्यांत खेळतेय म्हणून काढून घेतली, की ती सहसा परत मैदानावर येत नाही. मुलगा एक वर्ष थांबला तर पुढच्या वर्षी पुन्हा जातो. मुलगी थांबली, की तिच्या हातात केरसुणी येते. म्हणून तिच्या बाबतीत 'पुढच्या वर्षी बघू' म्हणताना दहादा विचार करा.

दाखल्याचा खेळ

आता खाली जाण्याची गोष्ट. आपल्या सासू-सासऱ्यांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला यायचा! जन्माची नोंद नसायची. गुरुजी शाळेत नाव घालताना अंदाजानं तारीख लावायचे. त्यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. आज मात्र काही जण जाणूनबुजून वय कमी लावतात. सोळाचा पोर चौदाच्या गटात खेळवला, की कप आपलाच! शिवाय खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. मोह होतो.

पण हा खेळ फार दिवस चालत नाही. २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून फिफानं मुलांच्या मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. आपल्याकडे क्रिकेट मंडळ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतं. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं, की ज्यांनी पूर्वी खोटी तारीख दिली त्यांनी स्वतःहून सांगितलं तर माफी, नाही तर पकडल्यावर दोन वर्षांची बंदी. राहुल द्रविडनं २०१५ च्या एका व्याख्यानात वय चोरण्याला सामना विकण्याच्या पंक्तीत बसवलं होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून नव्या कायद्यानुसार त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे. यापुढे दाखल्याशी खेळणं आणखी अवघड होईल.

कायदा बाजूला ठेवला, तरी आईनं याचा विचार करावा. आपला पोरगा ज्या जागेवर खोट्या वयानं उभा राहिला, ती जागा कुणाच्या तरी खऱ्या चौदा वर्षांच्या पोराची होती. आणि आपल्याही पोराचं काय भलं झालं? तो लहानांना ढकलून जिंकायला शिकला. बरोबरीचे समोर आले, की त्याच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

मग तो नववीतला, पाचवीसारखा दिसणारा मुलगा? त्याची आई खोटं करा म्हणत नाही. तिची तक्रार खरी आहे. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेनं अशा उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळा संघच ठेवला, म्हणजे अंग भरेपर्यंत त्यांचं कसब वाया जाऊ नये. आपल्याकडे स्पर्धेत तशी सोय नाही. पण संध्याकाळच्या मैदानावर कुठला दाखला लागतो? तिथं त्याला दोन वर्षांनी लहान मुलांत खेळू द्या. चेंडू पायाशी राहील, हिंमत राहील. स्पर्धेत मात्र खऱ्या वयानंच जाऊ द्या. सरांना सांगा, याला एकदम बाद करू नका, दोन वर्षं थांबा. उंची वाढत नाही अशी खरोखरच शंका असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पण 'बुटका' हा शब्द घरात तरी बंद करा.

आपल्या हातात काय?

एक सांगू? ही निम्मी अडचण मुलं कमी म्हणून होत नाही. मैदानावर येणारी मुलं कमी म्हणून होते. अकरा जण जमत नाहीत, म्हणून सातवीतलं पोर ओढलं जातं. मग अकराच कशाला हवेत? लहानांचा खेळ पाच-पाच, सात-सात जणांतही होतो. बेबी लीगची कल्पनाच अशी होती, की आई-वडीलसुद्धा छोटी लीग भरवू शकतील. आपले बचत गट हळदीकुंकू करतात, सहली काढतात. चार गल्ल्यांतल्या पोरापोरींची एक रविवारची लीग नाही काढता येणार? एक जाणता माणूस जोड लावायला, एक शिट्टी, दोन चेंडू आणि पाण्याचा एक माठ. बोदवडला पाण्याची किंमत सांगायला नको, आणि आपल्या उन्हात सकाळी नऊच्या आत खेळ संपवायचा, हेही.

गट एकदा ठरला म्हणजे कायमचा ठरला, असं मानू नका. लेकरू दर सहा महिन्यांनी नवं होतं. दिवाळीनंतर पुन्हा सरांशी बोला, चौकटीवरची खूण बघा, त्याला विचारा. कधी वर, कधी आपल्यातच, कधी संध्याकाळी लहानग्यांत. आणि पोर घामेजून दारात आलं, की गोल किती झाले हे विचारण्याआधी पुढची मॅच कधी आहे ते विचारा. पटकन तारीख सांगितली तर जोड बरोबर लागली. उत्तर द्यायला ते घुटमळलं, तर दुसऱ्या दिवशी सरांची गाठ घ्या.